नसलेल्या विमानाची बिनचूक प्रतिकृती

१९८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहाची एक उपसमिती लॉकहीड कंपनीची चौकशी करीत होती. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात गोपनीय कागदपत्रांचा हिशेब लागत नाही असा आरोप होता आणि उत्तर द्यायला कंपनीचे अध्यक्ष लॉरेन्स किचन यांना बोलावण्यात आले होते. ऑरेगनचे प्रतिनिधी रॉन वायडन यांनी तिथे एक वेगळाच मुद्दा काढला. रडारला न दिसणारे जे विमान पाहायची मला लोकप्रतिनिधी असूनही परवानगी नाही, त्याची प्रतिकृती दुकानात खोक्यात घालून विकली जाते हे कसे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

ते खोके टेस्टर्स या कंपनीचे होते. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डची ही कंपनी हौशी लोकांना लागणारे रंग आणि गोंद यांसाठी प्रसिद्ध होती. त्या वर्षी तिने १/४८ प्रमाणातले 'एफ-१९ स्टेल्थ फायटर' हे प्लास्टिकचे किट बाजारात आणले. किट म्हणजे सुट्या भागांचा संच. चौकटीला चिकटलेले भाग कापून काढायचे, कानशीने घासायचे, गोंदाने जोडायचे, रंगवायचे आणि शेवटी पाण्यात भिजवून सुटणारी चिन्हे चिकटवायची. प्लास्टिकच्या विमानांत सर्वाधिक खपलेल्या किटमध्ये आजही त्याचे नाव घेतले जाते. त्याच वर्षी टॉम क्लॅन्सी यांच्या कादंबरीत एफ-१९ उडाले, दोन वर्षांनी त्याच नावाचा संगणकावरचा खेळ आला.

एफ-१९ नावाचे लढाऊ विमान कधीच नव्हते.

लढाऊ विमानांच्या आधुनिक प्रतिकृतींचा इतिहास गेली काही वर्षे मी जमेल तसा धुंडाळतो आहे. या छंदातली माणसे बिनचूकपणाबाबत भलती कडक असतात. पंखाचा कोन अर्ध्या अंशाने चुकला तरी नाक मुरडतात. तो बिनचूकपणा येतो कुठून आणि कोणाच्या परवानगीने येतो, हा माझ्या शोधाचा विषय आहे. त्यासाठी एफ-१९ च्या प्रकरणाइतके उपयोगी दुसरे उदाहरण मला सापडलेले नाही.

*

आधी नावाचे बघू. अमेरिकी लढाऊ विमानांना क्रमाने आकडे मिळत होते. पंधरा, सोळा, अठरा असे ते सर्वांना माहीत होते. मग नॉर्थ्रॉप कंपनीच्या नव्या विमानाला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकदम 'एफ-२०' हा आकडा मिळाला. मधला एकोणीस गेला कुठे? नॉर्थ्रॉपला विसाचा आकडा हवा होता, एवढेच त्याचे कारण होते. पण गुप्त विमानाची कुजबुज आधीपासून चालू होती आणि ही रिकामी जागा तिला आयतीच मिळाली.

टेस्टर्सचे किट रेखाटणारे जॉन अँड्र्यूज हे गुप्त विमानांचे जुने ध्यासी. (याच गृहस्थांनी पुढे त्याच कंपनीसाठी उडत्या तबकडीचेही १/४८ किट केले, हे जाता जाता सांगायला हवे. तबकडीला प्रमाण कसले लावायचे, हा प्रश्न मला पडतो, पण ते असो.) एफ-१९ च्या बाबतीत मात्र त्यांची पद्धत गप्पिष्टाची नव्हती. रडारची लाट कशावरून परत फिरते यावर जे काही उघडपणे छापले गेले होते, ते त्यांनी पायाशी धरले. सरळ उभ्या पृष्ठभागावरून आणि काटकोनी कोपऱ्यांतून लाट थेट मागे जाते. म्हणून कोपरे नकोत, पंख आणि धड एकमेकांत वितळल्यासारखे हवेत, शेपटीचे पडदे आत कललेले हवेत, इंजिनाची तोंडे वर हवीत. लॉकहीडच्याच एसआर-७१ ब्लॅकबर्ड विमानात यातले बरेच काही होते. त्यातून जो आकार निघाला तो गोलसर, गुळगुळीत, एखाद्या समुद्री माशासारखा.

खरे विमान तोवर पाच वर्षे उडत होते. एफ-११७ चे पहिले उड्डाण १८ जून १९८१ चे. नेवाडाच्या वाळवंटात रात्रीच्या अंधारात त्याचा सराव चाले. ११ जुलै १९८६ रोजी, म्हणजे किटची चर्चा ऐन भरात असताना, त्यांतले एक विमान कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या डोंगराळ जंगलात कोसळले आणि मेजर रॉस मलहेअर हे वैमानिक मृत्युमुखी पडले. हवाई दलाने सगळा परिसर बंद केला. कोणते विमान पडले ते सांगितले नाही. वाचक प्लास्टिकच्या एफ-१९ वरून अंदाज बांधत होते आणि अधिकृत सूत्रे गप्प होती. किट चुकीचे आहे असे म्हणायचे, तर बरोबर काय ते आपल्याला माहीत आहे हे कबूल करावे लागते.

*

प्रतिकृतीमुळे गुपित फुटल्याची तक्रार अमेरिकेत नवी नव्हती. १९६१ मध्ये रेव्हेल कंपनीच्या 'जॉर्ज वॉशिंग्टन' या अणुपाणबुडीच्या किटवर ॲडमिरल हायमन रिकोव्हर खवळले होते. त्या किटची एक बाजू उघडत असे आणि आतले कक्ष, क्षेपणास्त्रांच्या नळ्या, यंत्रांची मांडणी सगळे दिसे. जी माहिती मिळवायला शत्रूने कोट्यवधी डॉलर मोजले असते ती २ डॉलर ९८ सेंटला विकली जाते आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

गंमत अशी की प्लास्टिकच्या विमानांचे जे प्रमाण जगभर सर्वांत रुळले, ते १/७२, रुळायला सरकारचाच हात लागला. या प्रमाणात १ इंच म्हणजे ६ फूट. माणूस साधारण सहा फुटी धरला की प्रतिकृतीत तो एक इंचाचा होतो, हिशेब सोपा. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात 'स्कायबर्ड्स'चे लाकडी आणि १९३६ पासून 'फ्रॉग पेंग्विन'चे प्लास्टिकचे संच या प्रमाणात निघत होते. मग युद्ध आले. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांना आवाहन केले की आम्हाला पाच लाख प्रतिकृती हव्यात, पन्नास प्रकारच्या विमानांच्या, प्रत्येकी दहा हजार. मुलांनी लाकूड तासून त्या केल्या आणि काळ्या रंगवल्या. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे सैनिकाला आकृतीवरून ओळखता यावे, यासाठी. १/७२ ची प्रतिकृती ३५ फुटांवर धरली तर ७२ पट म्हणजे २५२० फुटांवरचे, सुमारे अर्ध्या मैलावरचे, विमान जसे दिसेल तशी ती दिसते. त्या कामाला आराखडे सरकारनेच पुरवले. शत्रूचे विमान बिनचूक हवे होते, कारण चुकीच्या आकाराने आपलाच माणूस मेला असता.

तेव्हा बिनचूक प्रतिकृती ही देशसेवा होती. विसेक वर्षांत रिकोव्हरसाहेबांच्या लेखी ती हेरगिरीच्या जवळ पोचली. मुले तीच होती, लाकडाऐवजी हातात प्लास्टिक आले होते.

*

एफ-११७ च्या जन्मातही प्रतिकृतींचा वाटा मोठा, हे मला बेन रिच यांच्या आठवणी वाचेपर्यंत माहीत नव्हते. लॉकहीडच्या 'स्कंक वर्क्स' या गुप्त विभागाचे ते प्रमुख होते आणि त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये आले.

कथा सुरू होते एका सोव्हिएत शास्त्रज्ञापासून. प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये मॉस्कोत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कडांवरून विद्युतचुंबकीय लाटा कशा विखुरतात याचे ते गणित होते. सोव्हिएत सत्तेला त्यात लष्करी महत्त्वाचे काही दिसले नाही, म्हणून तो उघडपणे छापला गेला. अमेरिकी हवाई दलाने त्याचा अनुवाद करून घेतला. लॉकहीडमधले गणिती डेनिस ओव्हरहोल्सर यांनी तो वाचला आणि त्यावरून कोणत्या आकाराचा रडारवर किती ठसा उमटेल हे मोजणारा संगणकीय कार्यक्रम तयार करवून घेतला. पण १९७५ च्या संगणकाची ताकद तोकडी. वक्र पृष्ठभागाचे गणित त्याला झेपेना, सपाट तुकड्यांचे झेपे. म्हणून विमानच सपाट तुकड्यांचे करायचे ठरले. पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा तो आकार बघून कंपनीतल्या वायुगतिकीच्या लोकांनी त्याला 'होपलेस डायमंड' असे नाव ठेवले. हे उडणार नाही, असे त्यांचे मत होते.

मग दहा फुटी लाकडी प्रतिकृती केली. वाळवंटातल्या चाचणी मैदानावर खांबावर चढवली आणि रडार तिच्याकडे वळवले. रडार चालवणाऱ्याला पडद्यावर काही दिसेना. प्रतिकृती खांबावरून पडली असावी असे त्याला वाटले. तेवढ्यात ठसा उमटला. रिच यांनी वळून पाहिले तर प्रतिकृतीवर एक काळा पक्षी येऊन बसला होता. रडारला दिसला तो पक्षी.

दुसरी हकिकत किट करणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची आहे. 'हॅव ब्लू' हे प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी उडाले. पुढे एका चाचणीत ते अचानक रडारवर लख्ख दिसू लागले. शोधाशोध झाली. तीन स्क्रू नीट आवळलेले नव्हते, त्यांची डोकी पृष्ठभागाच्या एक अष्टमांश इंचाहून कमी वर राहिली होती.

एक अष्टमांश इंच म्हणजे ३ मिलिमीटरच्या आसपास. १/७२ प्रमाणात ते होते ०.०४ मिलिमीटर. रंगाचा एक थर त्याहून जाड बसू शकतो. म्हणजे ज्या बारकाव्यावर त्या विमानाचे असणे-नसणे अवलंबून होते, तो बारकावा प्रतिकृतीत दाखवताच येत नाही, अगदी सगळे आराखडे हातात दिले तरी. इथे किटच्या कारागिरीची एक मर्यादा सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसते. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. ते कडेपर्यंत पोचायला आणि साच्यातून न तुटता निघायला त्याला काही जाडी लागते. पंखाची मागची कड १ मिलिमीटर जाड ठेवली तरी १/७२ मध्ये ती ७ सेंटिमीटरची होते, जिथे खऱ्या विमानात बोट कापेल इतकी धार असू शकते. पत्र्यांच्या सांध्यांचेही तेच. जुनी किटे हे सांधे उंचावलेल्या रेषांनी दाखवत, पुढे जपानी कंपन्यांमुळे कोरलेल्या रेषा आल्या आणि सगळ्यांनी त्यांना अधिक अचूक मानले. हिशेब केला तर त्या बहुतेक रेषा खऱ्या विमानावर दोन बोटे रुंदीच्या चरासारख्या ठरतील. अचूक भासावे म्हणून केलेली ही चूक आहे आणि तिच्याशिवाय प्रतिकृती ओकीबोकी दिसते. छंदातले लोक हे जाणतात, बोलत नाहीत.

*

१० नोव्हेंबर १९८८ रोजी पेंटागॉनने एफ-११७ चे पहिले छायाचित्र प्रसिद्ध केले. एकच, धूसर, समोरून तिरपे घेतलेले. गोल मासा कुठेच नव्हता, होता तो कोनाकोनांचा काळा दगड. शेपटीचे पडदे आत कललेले नव्हते, इंग्रजी 'व्ही'सारखे बाहेर उघडलेले होते. अँड्र्यूज साफ चुकले होते.

की नव्हते? बाराच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, पामडेलला बी-२ हे बाँबफेकी विमान लोकांसमोर आणले गेले. ते गोलसर, गुळगुळीत, धड आणि पंख एकमेकांत वितळलेले होते. मधल्या काळात संगणक मोठे झाले होते आणि वक्र पृष्ठभागाचे गणित जमू लागले होते. अँड्र्यूज यांचा मूळ तर्क बरोबर होता, त्यांना ठाऊक नव्हती ती संगणकाची अडचण. टेस्टर्सने १९८७ मध्ये 'मिग-३७ फेरेट' नावाचे काल्पनिक सोव्हिएत विमानही काढले होते. त्याला सपाट पैलू दिले होते. म्हणजे अमेरिकी विमानाचे खरे रूप त्यांनी नकळत रशियाच्या नावे विकले. याला काय म्हणावे, मला कळत नाही.

छायाचित्र हाती आल्यावर किट कंपन्यांची धावपळ झाली आणि आणखी एक फसगत झाली. लांब सरळ रस्ता समोरून पाहिला की आखूड वाटतो, तसे समोरून टिपलेल्या विमानाची लांबी आकसते आणि मागे ओढलेले पंख प्रत्यक्षापेक्षा आडवे भासतात. एफ-११७ चे पंख ६७.५ अंशांनी मागे वळलेले आहेत. त्या एका छायाचित्रावरून काढलेल्या रेखाटनांत आणि सुरुवातीच्या किटमध्ये ते बरेच कमी दाखवले गेले. सरकारने खोटे चित्र दिले नव्हते, कोन तेवढा निवडून दिला होता. २१ एप्रिल १९९० रोजी नेलिस तळावर विमान लोकांसमोर उभे केले गेले, तेव्हा कुठे आकार पक्का झाला. बी-२ च्या वेळी निमंत्रितांना विमानाच्या फक्त समोर बसवले होते, तर एका विमानविषयक साप्ताहिकाच्या छायाचित्रकाराने छोट्या विमानातून वर जाऊन माथ्यावरून छायाचित्रे घेतली. वरून बंदी घालायचे राहूनच गेले होते.

*

हे सगळे दूरच्या वाळवंटातले. पण हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो पुण्यात, लोहगावच्या कुंपणापाशी.

सोव्हिएत मिग-२९ पश्चिमेकडच्या लोकांनी जवळून पाहिले ते जुलै १९८६ मध्ये, फिनलंडच्या भेटीत. त्यापूर्वी त्याची जी चित्रे होती ती बहुतेक चित्रकारांच्या कल्पनेतली, पेंटागॉनच्या पुस्तिकांत छापलेली, आणि सुरुवातीच्या किटना त्यांचाच आधार. १९८८ मध्ये फार्नबरोला ते आले आणि मग कॅमेऱ्यांची झुंबड उडाली. त्याच्या आधीच, १९८७ पासून, आम्ही विश्रांतवाडीची पोरे ते रोज डोक्यावरून जाताना पाहत होतो. हे विमान विकत घेणारा भारत हा पहिला परदेश, आणि त्याच्या २८ व ४७ क्रमांकाच्या स्क्वाड्रन लोहगावला होत्या. ज्याच्या एका स्पष्ट छायाचित्रासाठी लंडनची मासिके धडपडत होती, ते आमच्या गच्चीवरून दिसत होते. फोटो काढायला मनाई असल्याची पाटी होती, आणि कॅमेरा तसाही नव्हता.

१९८९ मध्ये आतेभावाने मस्कतहून मला मिग-२९ चे १/७२ किट आणले. आपल्याकडे तेव्हा अशी वस्तू दुर्मीळ. तीन आठवडे खपून मी ते केले. चाके खाली, वैमानिक आत, काच बंद. आमच्या चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर तळावर काम करणारे एक तंत्रज्ञ राहत. त्यांना मी काका म्हणे. मोठ्या अभिमानाने विमान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते फिरवून पाहिले.

"छान केलंयस रे. पण चूक आहे."

"कुठं, काका?"

"ते मी सांगायचं नसतं."

आणि त्यांनी खरेच सांगितले नाही. पुढे मी कुंपणाबाहेरून शंभरदा पाहिले, मला चूक दिसेना. दिसणारही नव्हती. बऱ्याच वर्षांनी लक्ष्मी रोडजवळ जुन्या मासिकांच्या ढिगात एक विदेशी अंक मिळाला, त्यात जमिनीवर धावणाऱ्या मिग-२९ चे मोठे चित्र होते. इंजिनांची पुढची तोंडे बंद होती. जमिनीवर इंजिन चालू असताना धावपट्टीवरचे खडे आत ओढले जाऊ नयेत म्हणून तिथे झडप बसते, आणि पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या फटींतून इंजिन श्वास घेते. उड्डाणाच्या वेगाला झडप उघडते. आम्ही गच्चीवरून पाहायचो ते हवेतले विमान, त्याची तोंडे उघडीच असणार. माझ्या विमानात वैमानिक बसलेला, काच लागलेली, म्हणजे ते धावपट्टीकडे निघालेले, आणि तोंडे सताड उघडी.

किटची ती चूक नव्हती, माझी होती. पण काका गप्प बसले म्हणून मला तिचा अर्थ लागला, हेही खरे. एका चित्रात छापलेली गोष्ट त्यांनी शेजारच्या पोराला सांगितली नाही. तेव्हा राग आला होता. आता वायडन आणि किचन यांचा तो संवाद वाचताना मला काका आठवतात. किचन यांच्याही हातात उत्तर असणार आणि 'ते चूक आहे' इतकेही त्यांना उघड म्हणता येत नसणार.

कॅसेटच्या डबीचे प्लास्टिक कापून मी झडपा केल्या, वरच्या फटी काळ्या रंगाने दाखवल्या. तोवर मिग-२९ लोहगावहून गेली होती, काकाही निवृत्त होऊन कोथरूडला राहायला गेले होते. विमान बुटाच्या खोक्यात घालून त्यांच्याकडे नेले. त्यांनी चष्मा लावला, खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले.

"दारं बसवलीस होय," ते म्हणाले. मग उलटे करून पोटाकडची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली.

"आता एकच राहिली," म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.